एकाच पातेल्यातलं पन्हं

१

चैत्रातल्या त्या शुक्रवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास, कन्याशाळेच्या वसुधाबाई भर खडेबाजारात एका कापडदुकानाच्या पायरीपुढे उभ्या राहून हवेतले धागे वेचत होत्या. धागे अर्थातच तिथे नव्हते. पण त्या चिमटीत एकेक धागा धरत, डाव्या हातावर गुंडाळत आणि पुढचा शोधत. मधूनच समोरच्या गर्दीला दटावत, “मुलींनो, पाट्या खाली. मागच्या बाकावर कोण बोलतंय?”

गर्दीला काय, फुकटचा तमाशा. सन अडतीसची ही गोष्ट. विधवा बाई, त्यातून मास्तरीण, डोक्यावरचा पदर खांद्याखाली घसरलेला आणि केस सुटलेले. चार वर्षांत ज्या बाईचा पदर कुणी ढळलेला पाहिला नव्हता, तिची ही दशा बघायला माणसे दुकानांतून उठून आली होती. “चढलीय बाईला,” कुणीतरी म्हणाले. झाले, तेवढे पुरे होते. पुढच्या दोन मिनिटांत दहा जणांना दारूचा वास येऊ लागला.

प्रमोदिनी गर्दी फाडत आत शिरली. ती त्याच शाळेतली, वसुधेच्या शेजारच्या वर्गावरची बाई आणि तिची जिवाची मैत्रीण. तिने आधी पदर सावरला, मग वसुधेचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे ठक्क, डोळे उन्हाने मिटून घेतलेले.

“प्यालेली माणसं म्या रोज घरला पोचवतो,” टांग्यावरून उडी टाकत भरमू टांगेवाला म्हणाला. “आक्का, हिच्या तोंडाला वास न्हाय. वर घ्या आधी, ही लोकं काय ऐकायची न्हाईत.”

दोघांनी मिळून तिला टांग्यात बसवले. तेवढ्यात कोर्टातून परतणारे रघुवीरराव वकील, शाळेच्या मंडळाचे चिटणीस, समोरून आले. त्यांनी एकदा पाहिले, छत्री पुढे धरली आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले.

टांगा हलला. वसुधेने प्रमोदिनीचे मनगट घट्ट धरले.

“प्रमे, पाणी दे. पण त्यातलं नको.”

“कशातलं, वसू?”

वसुधा पुन्हा धागे वेचू लागली.

२

शनिवारी सकाळी मंडळाचे पत्र आले. अशोभनीय वर्तनाबद्दल सोमवारी तीन वाजता वकीलसाहेबांच्या घरी मंडळाची बैठक भरेल, समाधानकारक खुलासा न झाल्यास नोकरी जाईल, असे त्यात होते. आणि पुण्याच्या दोन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी सुचवलेले नाव मागे घेण्यात येईल, हेही होते.

हे शेवटचे वाचताना प्रमोदिनीने पत्र अर्धे दुमडले. त्या ट्रेनिंगसाठी वसुधेने चार वर्षे रक्त आटवले होते. ते झाले की पक्की सरकारी नोकरी, स्वतःचे घर, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. शुक्रवारी पाच वाजता शाळेत इन्स्पेक्टरीणबाई फक्त तिलाच भेटायला थांबणार होत्या आणि सहाच्या गाडीने जाणार होत्या. पाच वाजता वसुधा टांग्यात होती.

“मला पन्ह्यापर्यंत आठवतं,” अंथरुणावर उठून बसत वसुधा म्हणाली. “पुढचं सगळं पुसल्यासारखं झालंय.”

कोपऱ्यात तिच्या सासूबाई, अंबुबाई, लाल आलवणात अंग चोरून बसल्या होत्या. त्यांचा दमा रात्रीपासून उसळला होता. खोलीत त्यांच्या औषधाचा कडवट धूर कोंडला होता. या दोघींवाचून त्या घरात तिसरे माणूस नव्हते.

प्रमोदिनी मनाशी शुक्रवार आठवू लागली. वकीलसाहेबांकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, शाळेच्या साऱ्या बायका बोलावलेल्या. ती आणि वसुधा शाळेतून थेट गेल्या, अंबुबाई घरून टांग्याने आल्या. पुढच्या माजघरात गौर आणि सुवासिनी, मागच्या पडवीत वसुधा आणि तिची सासू. प्रमोदिनीनेच स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून पन्हे काढून पडवीत नेऊन दिले. वसुधा डाळीच्या द्रोणांसाठी आत गेली, परत येऊन, उशीर होतोय म्हणून पन्हे एका दमात प्याली. अंबुबाईंनी तर धाप लागत असताना मोरीपाशी वाकून सुनेचेही फुलपात्र घासून ठेवले. सासू असावी तर अशी, असे तेव्हा प्रमोदिनीच्या मनात आले होते.

मग वसुधा म्हणाली, “प्रमे, मला कसंतरीच होतंय. उजेड टोचतोय डोळ्यांना. तू थांब गं माझ्यापाशी.”

आणि पुढून हाक आली, प्रमोदिनीबाई, गौरीचं गाणं म्हणा. “मुलाखतीला घाबरलीस तू,” प्रमोदिनी हसून म्हणाली. “एवढं एक गाणं म्हणून आलेच.” एकाची तीन गाणी झाली. ती परत आली तेव्हा अंबुबाई खांबाला टेकून पेंगत होत्या, मागचे दार उघडे होते आणि वसुधा नव्हती.

“दाखव पत्र,” वसुधेने हात पुढे केला. तिने कागद नाकाशी धरला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ घेतला. “प्रमे, मला अक्षर दिसत नाही गं.”

“आणि बाहेरचं?”

“बाहेरचं दिसतंय. समोरच्या कौलावर कावळा बसलाय. पण कागदावर नुसती शाई सांडल्यासारखी दिसते.”

प्रमोदिनीने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवले. वसुधेचे डोळे घारे होते. आता त्यांत घारेपणाची नुसती बारीक कड उरली होती, बाकी सगळे काळे.

दारूने रात्र सरल्यावरही डोळे असे राहतात?

३

“दारू कुठली घेऊन बसलीस?” मार्तंड डॉक्टर म्हणाले. साठी उलटलेले, निम्म्या बेळगावची नाडी ओळखणारे गृहस्थ. त्यांनी वसुधेचे डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि प्रमोदिनीला ओसरीवर आणले. “धोतरा आहे हा. अंगात आग, तोंडाला कोरड, नसलेल्या वस्तू वेचत बसणं, जवळचं न दिसणं. पुस्तकातलं पान समोर धरावं तसं आहे. पोरगी वाचली हे नशीब. पहिल्यांदा उजेड टोचतो म्हणाली, तेव्हाच माझ्याकडे आणायची होती.”

“मी गाणं म्हणत होते,” प्रमोदिनी म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकले. ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

“तुम्ही असं लिहून द्या,” ती म्हणाली. “मंडळापुढे ठेवते.”

“देतो की. पण पुढचा प्रश्न ते काय विचारतील? पन्हं कुणी कुणी प्यायलं?”

“आम्ही सगळ्यांनीच. तेहतीस बायका.”

“एकाच पातेल्यातलं?”

“एकाच.”

“मग बत्तीस जणींना काही झालं नाही आणि एकीलाच कसं झालं? म्हणजे तिनं स्वतःच घेतलं असणार, असं म्हणतील. भांगेत धोतरा घालून नशा करणारे लोक आहेतच. माझा कागद तिला सोडवायचा नाही, उलट बुडवेल.” त्यांनी चष्मा पुसला. “धोतरा काय, औषधाला निम्म्या गावाच्या घरात असतो. तो कुठून आला हे नको शोधूस. तिच्या एकटीच्याच पोटात कसा गेला ते शोध.”

रस्त्यात आल्यावर प्रमोदिनीला पहिले नाव सुचले आणि तिच्या पायांना वेग आला. वसुधेचे नाव मागे पडले तर पुण्याला जाणारे दुसरे नाव वकीलसाहेबांच्या बायकोच्या भाचीचे होते.

४

वकीलसाहेबांच्या पत्नी विनोदिनीबाई देवघरापाशी गौरीपुढचे हार काढत होत्या. प्रमोदिनीला पाहून त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही कशासाठी आलात ते कळतं मला,” त्या म्हणाल्या. “गावात तेच चाललंय ना, वकिलीणबाईंच्या भाचीचं भलं झालं म्हणून? अहो, तिची गेल्या बुधवारी निपाणीला सोयरीक ठरली. तंबाखूच्या वखारवाल्यांचं घर. वैशाखात लग्न आहे. तिला आता पुण्याला कोण धाडतंय? हे बघा पत्र.”

पत्र खरे होते. तारीखही बुधवारचीच होती. प्रमोदिनीने उगाच दोनदा वाचले.

“पन्हं मी स्वतः केलं,” विनोदिनीबाईंनी हार खाली ठेवले. “कैऱ्या मी उकडल्या, वेलची मी कुटली. सगळ्यांच्या आधी मी चाखलं. मग तुमच्या हाताखाली ते पातेलं होतं. आमच्या बाळाबाईनं पेले भरून पुढं फिरवले. पेलेसुद्धा सारे सारखे, माझ्या माहेरचे चांदीचे. कुणाच्या वाट्याला कुठला पेला येणार हे ब्रह्मदेवाला तरी ठाऊक होतं का? विष घालणाऱ्यानं घालायचं कशात?”

“खरं आहे,” प्रमोदिनी म्हणाली. “पेले सगळे सारखेच होते.”

ती हे अगदी मनापासून म्हणाली. तिला तसेच आठवत होते. घडले ते नीट सांगणारी म्हणून शाळेत तिचा लौकिक होता, आणि ज्या हातांनी तिने पडवीत पन्हे नेले ते हात तिच्यापुढे मांडीवरच होते.

ती उठली. सोमवारला एकच दिवस उरला होता, आणि संशय घ्यायला एक मोलकरीण तेवढी राहिली होती.

५

येळ्ळूरची बाळाबाई रविवारी सकाळी वकिलांच्या परसात राखेने भांडी घासत होती. प्रमोदिनी तिच्यापुढे उकिडवी बसली.

“बाळाबाई, शुक्रवारी पेले तूच फिरवलेस ना?”

बाळाबाईचे हात थांबले. “म्या काय घातलं न्हाय बाई. माझ्या लेकराची आण घेतो.”

“तसं नाही गं विचारत. पेल्यांत काही वेगळं दिसलं का? तळाला गाळ, कुठला वास?”

“काय बी न्हवतं. एकतीस पेले म्या भरलो, एकतीस फिरवलो, एकतीस घासून वकिलीणबाईंच्या म्होरं मोजून दिलो. चांदी हाय, मोजल्याबिगर कपाटात जात न्हाय.”

“एकतीस?” प्रमोदिनीने बोटांवर हिशेब केला. शाळेच्या बायका, शेजारणी, घरच्या. “पण आम्ही तेहतीस होतो. म्हणजे दोन पेले कमी आले.”

बाळाबाईने तिच्याकडे नवलाने पाहिले. एवढी शिकलेली बाई हे काय विचारतेय, असा तो चेहरा होता.

“कमी कशानं येत्यात? पडवीत त्या दोघी व्हत्या न्हवं, वसुधाबाई आन् म्हातारी. त्यास्नी चांदीचं कुठं देत्यात? त्यांची ती पितळी फुलपात्री वायली, पडवीच्या कोनाड्यात पालथी असत्यात. विधवा बायकांची. त्यास्नी म्या हात लावत न्हाय, ज्येची ती घासून ठेवत्यात.” ती पुन्हा राख घेऊन घासू लागली. “तुमीच की वो बाई, शुक्रवारी कोनाड्यातनं काढून, भरून दिलासा.”

प्रमोदिनीने स्वतःच्या हातांकडे पाहिले. तिनेच. कोनाड्यातून ती दोन फुलपात्री तिनेच उचलली होती, न बघता, न विचार करता. चांदीचा पेला पडवीत न्यावा हे तिच्या मनातसुद्धा आले नव्हते. लहानपणापासून प्रत्येक घरात असा एक कोनाडा पाहिला होता, म्हणून तो दिसायचाच बंद झाला होता. एकतीस बायकांनी शपथेवर सांगितले असते की भेद नव्हता, आणि एकीनेही खोटे सांगितले नसते.

म्हणजे वसुधेच्या तोंडी कुठले भांडे लागणार हे अवघ्या घराला ठाऊक होते. पण त्याच्याजवळ कोण होते? विनोदिनीबाई माजघरातून हलल्या नव्हत्या. बाळाबाई त्या भांड्यांना शिवत नव्हती. प्रमोदिनीने फुलपात्री ठेवली, वसुधा द्रोण आणायला आत गेली, आणि पडवीत उरले एकच माणूस.

ज्येची ती घासून ठेवत्यात.

मग त्या दिवशी सासूने सुनेचे का घासले?

६

घरी वसुधा झोपली होती. अंबुबाई चुलीपुढे शेगडीतल्या धुरावर तोंड धरून खोकत होत्या.

“काकू,” प्रमोदिनी हलकेच म्हणाली, “हा धूर कसला घेता तुम्ही?”

“दम्याचा गं. मार्तंड डॉक्टरांनीच सांगितलाय, पाच वर्षं झाली.”

“पानं कसली?”

अंबुबाईंनी वर पाहिले. त्यांनी हातातली पत्र्याची डबी पदराखाली घेतली. प्रमोदिनीने ती काढून घेतली, उघडली. आत वाळवून कुटलेली भुकटी होती. तिने बोटाचे टोक जिभेला लावले आणि लगेच थुंकले. कडूजहर, धोतराच.

“आयुष्यात कधी तुम्ही तिचं भांडं घासलं नाहीत, काकू. शुक्रवारीच का घासलंत?”

म्हातारीने शेगडी बाजूला सारली. मग बोलली ती इतक्या हळू की प्रमोदिनीला कान जवळ न्यावा लागला.

“मला वाटलं, झोपेल. धूर घेतला की मला गुंगी येते, तशी तिला येईल. पाचाला बाई यायच्या, सहाच्या गाडीनं जायच्या. तेवढा वेळ डोळा लागला असता तर काय बिघडत होतं? दोन वर्षं, प्रमोदिनी. दोन वर्षं मी एकटी राहायची या घरात. रात्री दम कोंडला तर मी मेलेली कळायला दुधवाला यायला लागेल.” त्यांनी पदराने तोंड दाबले. “ती उठून चालायला लागली तेव्हा मी तिला धरलं होतं गं. पण मला दम लागला. हातातून सुटली माझ्या.”

“आणि मी आले तेव्हा तुम्ही पेंगत होता.”

“पेंगत नव्हते. डोळे मिटून बसले होते. तुला काय सांगणार होते?”

प्रमोदिनीला संताप आला आणि त्याच क्षणी कीवही आली, आणि दोन्हींचे काय करावे ते तिला कळेना. पोलिसांत जावे तर ही म्हातारी तुरुंगाच्या दारातच संपेल. गप्प बसावे तर वसुधा जिवंतपणी संपेल.

“उद्या तीन वाजता हे सगळं मंडळापुढं बोलाल?” तिने विचारले.

अंबुबाईंनी झोपलेल्या सुनेकडे पाहिले. “बोलते,” त्या म्हणाल्या. “काय व्हायचं ते होऊ दे माझं.”

७

सोमवारी वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात मंडळाचे पाच सभासद बसले. मार्तंड डॉक्टर आले. आतल्या दाराशी विनोदिनीबाई आणि त्यांच्यामागे बाळाबाई उभ्या राहिल्या. वसुधा एका कडेला, खाली मान घालून बसली. शेजारी अंबुबाई. सासू काय बोलणार आहे ते वसुधेला कुणी सांगितले नव्हते. प्रमोदिनीचे धैर्यच झाले नव्हते.

प्रमोदिनीने एकेक गोष्ट मांडली. तोंडाला वास नव्हता, टांगेवाला साक्षीला बाहेर उभा आहे. डोळ्यांच्या बाहुल्या फाकल्या होत्या, डॉक्टर इथेच आहेत. डॉक्टरांनी मान हलवली. सभासद पुढे सरकून ऐकू लागले. एकाने तर “वा” म्हटले.

“आता प्रश्न एवढाच,” ती म्हणाली, “की एकाच पातेल्यातलं पन्हं पिऊन हिलाच कसं झालं. कारण हिचं भांडं वेगळं होतं. पडवीच्या कोनाड्यातलं, विधवांसाठी ठेवलेलं पितळी फुलपात्र. मीच त्यात ओतलं.”

पुढे सरकलेले सभासद मागे टेकले.

“वेगळं भांडं?” रघुवीररावांनी सावकाश विचारले. “या घरात?”

तेव्हा कुठे प्रमोदिनीच्या ध्यानात आले की आपण काय बोललो. वर्षापूर्वी वसंत व्याख्यानमालेत याच रघुवीररावांनी दीड तास भाषण केले होते. माझ्या घरात विधवा आणि सुवासिनी यांत भेद नाही, असे छातीवर हात ठेवून सांगितले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत हे पाचही सभासद होते. ती स्वतःही होती.

“अहो, ऐकलंत का,” रघुवीरराव दाराकडे वळले, “आपल्याकडे वेगळी भांडी आहेत?”

विनोदिनीबाईंची नजर प्रमोदिनीवर आली, नवऱ्यावर गेली आणि जमिनीवर स्थिरावली. “नाहीत,” त्या म्हणाल्या.

“बाळाबाई?”

“न्हाईत, धनी.” ती दाराआड सरली.

प्रमोदिनी सरळ उठली आणि पडवीत गेली. मागून एक-दोघे आले. कोनाड्यात गणपतीची तसबीर होती, पुढे ताजे जास्वंद; रविवारचे परसातले बोलणे आत पोचले असणार. तसबिरीच्या खाली चुन्यावर पितळेच्या दोन गोल खुणा उमटलेल्या होत्या. “हे बघा,” ती म्हणाली. बघायला कुणी वाकले नाही.

ती परतली तेव्हा अंबुबाई उभ्या राहिल्या होत्या. एक हात भिंतीला धरून त्या बोलत होत्या. “ती खरं सांगतेय. मी घातलं. माझ्या दम्याच्या औषधातलं. मला एकटीला राहायचं नव्हतं म्हणून घातलं. पोरीचा काही दोष नाही. मला काय ती शिक्षा द्या.”

वसुधेने मान वर केली. तिला अजून जवळचे नीट दिसत नव्हते. सासूचा चेहरा नीट दिसावा म्हणून ती थोडी मागे सरकली.

मग सर्वांत वयस्कर सभासदांनी उपरणे डोळ्यांना लावले. “काय ही माया,” ते म्हणाले. “सुनेची अब्रू राखायला म्हातारी स्वतःवर आळ घेतेय. अशा सासवा आता बघायला मिळायच्या नाहीत.”

“नाही हो,” अंबुबाई कळवळून म्हणाल्या, “मी खरंच घातलं!”

“बसा, आई, बसा. दम लागेल तुम्हाला,” रघुवीरराव उठून स्वतः त्यांना बसवायला गेले. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होते, आणि ते खोटे नव्हते.

“अहो, डबी माझ्याकडे आहे!” प्रमोदिनी ओरडली. “भुकटी आहे!”

“औषध आहे ते,” मार्तंड डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. “मीच दिलेलं. पण वेगळं भांडं असेल तर...”

“ते नव्हतं असं घरची माणसं सांगताहेत,” रघुवीरराव म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

मंडळाने दया दाखवली. काढून टाकण्याऐवजी राजीनामा घ्यायचे ठरले, सासूबाईंच्या त्यागाकडे पाहून. पुण्याला तिसऱ्या नावाची बाई जाणार होती. तिने अर्जही केला होता की नाही, कुणाला आठवत नव्हते.

राजीनाम्यावर सही कुठे करायची ते वसुधेला दिसेना. प्रमोदिनीने तिचे बोट धरून जागा दाखवली. स्वतःच्या हाताने मैत्रिणीची नोकरी काढून दिल्यासारखे तिला वाटले, आणि तसे वाटून घेण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हते.

८

भरमूने भाडे घेतले नाही. “म्या सांगितलो आस्तो,” तो म्हणाला, “पर मला आत बोलावलंच न्हाय कुणी.”

घरी आल्यावर तिघी ओटीवर बसल्या. गल्लीतल्या एकदोन बायका दारात येऊन अंबुबाईंच्या पाया पडून गेल्या. बातमी पुढे धावली होती. दोन्ही वेळी अंबुबाईंनी पाय आत ओढून घेतले.

उन्हे उतरली तशी त्या उठल्या, सवयीने. माठातले पाणी फुलपात्रात ओतून त्यांनी सुनेपुढे ठेवले.

वसुधा त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ अजून फुटलेले होते. तहान तिच्या तोंडावर दिसत होती. पण हात पुढे होईना. अंबुबाई उभ्याच होत्या. पी, म्हणायचीही त्यांना चोरी झाली होती.

प्रमोदिनीने ते फुलपात्र उचलले. वरून नाही, ओठ लावून ती अर्धे पाणी प्याली. मग पदराने कडाही न पुसता तिने ते वसुधेच्या हातात दिले.

“उष्टं आहे,” ती म्हणाली.

“असू दे,” वसुधा म्हणाली आणि उरलेले पाणी थेंबभरही न ठेवता पिऊन टाकले.

ती उठली. अंबुबाईंनी घाईने हात पुढे केला. “आण इकडे, मी घासते.”

वसुधेने फुलपात्र दिले नाही. ते छातीशी धरून, भिंत चाचपत ती मोरीकडे गेली.

“राहू द्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “माझं मी घासेन.”